जुनेदचे दोनशे मिलिसेकंद

तीच ती गोष्ट दोन ठिकाणी लिहिलेली दिसली की माझं डोकं उठतं. आई सांगते, लहानपणी घरात दोन सारख्या गाळण्या दिसल्या म्हणून मी एक शेजारी देऊन आलो होतो, आणि ती चहाची नव्हती, तेलाची होती. हे ती अजून पाहुण्यांना सांगते. मी हसतो, पण त्यात हसण्यासारखं फारसं नाही हे मला यंदाच्या मे महिन्यात कळलं.

मी यवतमाळात घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करतो आणि उरलेल्या वेळात लिनक्सच्या कर्नलमध्ये आवराआवर करतो. कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी. बाहेरून जोडलेल्या प्रत्येक यंत्राशी बोलायला त्याला एकेक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. जगभरचे लोक हे ड्रायव्हर लिहितात आणि एकमेकांचं बिनदिक्कत उचलतात. त्यामुळे तापमान मोजणाऱ्या चिपांचे अकरा ड्रायव्हर मी उघडले तेव्हा अकराही ठिकाणी तेच तीस ओळींचं पुराण होतं. चिपला वीज द्या, जरा थांबा, मग तिला नाव विचारा, तिने सांगितलं तर पुढे जा, नाही तर ‘चिप सापडली नाही’ म्हणून हात झटका. एक ना धड, भाराभर चिंध्या. मी ठरवलं की एवढं काम करणारं एकच सामायिक फंक्शन लिहायचं आणि अकराही ड्रायव्हरांतल्या चिंध्या काढून तिथे त्या फंक्शनला बोलावणारी एक ओळ ठेवायची. असं काम कर्नलमध्ये रोज कोणी ना कोणी करतं. पण तीनशे ओळी पुसून चाळीस लिहिण्यात मला जे समाधान मिळतं ते पगाराच्या दिवशीही मिळत नाही.

अकरावा ड्रायव्हर जुनेदचा होता.

जुनेद आर्णीचा. त्याच्या वडिलांचं, मोहिउद्दीनचाचांचं, तिथे मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरींत नवी तार भरायचं, दुकान आहे. आम्ही दोघं यवतमाळच्या पॉलिटेक्निकला एका बाकावर होतो. दुसऱ्या वर्षी चाचांची नजर अधू झाली आणि जुनेद कॉलेज सोडून दुकानात बसला. पण त्याच्या डोक्यातले किडे काही बसले नाहीत. कोंबड्यांच्या शेडसाठी त्याने एक डबा तयार केला. आत एक छोटा संगणक-बोर्ड, बाहेर लांब वायरीला लोंबणारी तापमानाची स्वस्तातली चिप. शेड तापलं की डबा आपोआप पंखे आणि पाण्याचे फवारे चालू करतो, फारच तापलं तर भोंगा वाजवतो. आमच्याकडे मे महिन्यात शेचाळीस डिग्रीला माणसं कशीबशी तग धरतात, कोंबडी धरत नाही. त्या चिपचा ड्रायव्हर तेव्हा जगात कोणीच लिहिला नव्हता, म्हणून जुनेदने लिहिला. मी त्याचं इंग्रजी दुरुस्त करून दिलं आणि चार वर्षांपूर्वी तो कर्नलमध्ये गेला. त्या दिवशी त्याने दुकानातल्या सगळ्यांना जिलबी वाटली. कशाची, हे चाचांना विचारणाऱ्यांना चाचा सांगायचे, ‘पोराचं नाव अमेरिकेत लागलं.’

तर दहा ड्रायव्हर वीज दिल्यावर वीस मिलिसेकंद थांबत होते. जुनेदचा दोनशे थांबत होता. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी ते पाहिलं, आणि पाहून हसलो. म्हटलं, याचं एक शून्य जास्त पडलं. बाकी सगळं त्याने दुसऱ्याचं पाहून लिहिलं होतं, तेव्हा हे वीसच असणार. खरं काय ते कळायला एका फोनचं अंतर होतं. आज मान्य करतो की तोच आकडा एखाद्या जपानी इंजिनियरने लिहिलेला असता तर मी कारण शोधलं असतं. पॉलिटेक्निक सोडून वाइंडिंग करणाऱ्याचा होता, म्हणून मला तो चुकीचा वाटला.

माझ्याकडे जुनेदनेच कधीतरी दिलेली तशी एक चिप होती. एसीच्या खोलीत, टेबलावर, बोटभर वायरीवर ती वीसमध्ये उठली. शितावरून भाताची परीक्षा झाली.

कर्नलचा एक रिवाज आहे. ज्याच्या हाताशी ते यंत्र असेल त्याने बदल, म्हणजे पॅच, चालवून पाहायचा आणि ‘मी चाचणी केली’ अशी एक ओळ स्वतःच्या नावाने द्यायची. ती ओळ त्या बदलाखाली कायमची राहते. जर्मनीतला एक गृहस्थ सेन्सरांचा विभाग सांभाळतो, आम्ही त्याला आपसात मुकादम म्हणायचो. त्याच्या होकाराशिवाय काही पुढे जात नाही, आणि असल्या ओळींशिवाय तो काही पुढे पाठवत नाही.

आर्णीच्या वाइंडिंगच्या गल्लीतही एक रिवाज आहे. शेजारच्या दुकानाने भरलेली मोटर आपल्याकडे आली तर तिला टेस्टर लावायचा नाही. लावला, तर त्याच्या हातावर माझा भरवसा नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि त्यावरून तिथे वर्षानुवर्षं अबोले झाले आहेत. मोहिउद्दीनचाचांनी जन्मभर तो रिवाज पाळला आणि जुनेद त्यातच वाढला. हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी फोन केला.

“जुनेद, एक पॅच पाठवलं. तुह्या ड्रायव्हरमधी हात घातला. जरा लावून पाह्य.”

“तू केलं न बे?”

“मीच केलं.”

“मंग पाहाचं काय त्यात? टाक माह्यं नाव.”

“एकदा लावून...”

“इंद्या, मी दारव्ह्याले चाललो, जीप भरून राह्यली. टाक म्हनतो न.”

मागे जीपवाला ‘दारव्हा, दारव्हा’ ओरडत होता. दोनशेचे वीस केले हे मी बोललो नाही. बोललो असतो तर तो जीपमधून उतरला असता. मी त्याचं नाव टाकलं.

मुकादम मात्र डोळ्यात तेल घालून बसलेला माणूस. त्याने दोन दिवसांनी नेमकं तेच विचारलं: एका ड्रायव्हरमध्ये आधी दोनशे होतं, आता वीस झालं, हे चालेल का? मी लिहिलं, ‘मूळ लेखकाने वीसवर चाचणी केली आहे, व्यवस्थित चालतं.’ हे खोटं होतं, आणि लिहिताना मला ठाऊक होतं की खोटं आहे. पण ते मला खोटं वाटत नव्हतं. वाटत होतं, चालतंच आहे, उगाच कायले घोळ घालायचा? मुकादमाने पॅच घेतलं आणि खाली लिहिलं, ‘छान आवराआवर.’ ते दोन शब्द मी आईला वाचून दाखवले होते.

पुढचं सगळं वर्षभराने घडलं.

जुनेदच्या डब्यांत तोवर त्याचं जुनंच कर्नल होतं. या एप्रिलमध्ये नवीन आलं, तेव्हा त्याने सगळ्यात आधी सुखीबाईचा डबा नवा केला, कारण तिचा सर्वांत जुना. सुखीबाई माहूर रस्त्यावरच्या एका बंजारा तांड्यावर राहते; तिथे आईला याडी म्हणतात. ती आणि तिचा मुलगा प्रेमसिंग मिळून साडेतीन हजार पक्ष्यांचं शेड चालवतात. जुनेदने नवीन कर्नल घातलं, डबा एकदा रिस्टार्ट केला, पडद्यावर आकडा आलेला पाहिला आणि चहा घेऊन निघाला. पण डबा असा नुसता रिस्टार्ट केला तर चिपची वीज तुटत नाही. ती जागीच होती. नाव विचारलं, तिने सांगितलं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एके दुपारी लाइट दहा मिनिटं गेली आणि आली. डबा उठला. त्याने चिपला वीज दिली, वीस मिलिसेकंद थांबला आणि नाव विचारलं. चिप अजून उठत होती. माझ्या फंक्शनने हात झटकले. तापमानच नाही म्हटल्यावर जुनेदचा प्रोग्रॅम तापमानाची वाट पाहत बसला. पंखे बंद, फवारे बंद, आणि भोंगा त्याच प्रोग्रॅमचा, तोही बंद. प्रेमसिंग औषध आणायला आर्णीला गेला होता. तो चार वाजता परत आला तेव्हा पक्षी भिंतीकडेला एकावर एक चढून मेले होते.

मला जुनेदचा मेसेज आला, दुसऱ्या दिवशी सकाळी. ‘सुखीबाईचे सारे पक्षी मेले. सेन्सर उठला नाही.’ एवढाच. माझ्या हातात पोह्यांची बशी होती. मी ती खाली ठेवली आणि वर्षभरापूर्वीचं ते पॅच उघडलं. उघडायची गरज नव्हती.

आर्णीला पोचेपर्यंत दुपार झाली. चाचा दाराशी खुर्चीवर बसले होते. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं, पण नेहमीसारखं ‘आओ बेटा’ म्हणाले नाहीत. आत जुनेदने सुखीबाईचा डबा टेबलावर घेतला होता आणि प्लग काढत-घालत होता. काल संध्याकाळपासून सकाळपर्यंत तो तिच्याकडेच होता, जेसीबी यायला उशीर झाला म्हणून अर्धे पक्षी त्याने आणि प्रेमसिंगने फावड्याने पुरले होते. त्याच्या शर्टाला अजून वास येत होता.

“दहात सात वेळा उठत नाही,” तो म्हणाला. वर पाहिलं नाही. “डोकं चालत नाही.”

मी तिथेच, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. दोनशे पाहिलं होतं. शून्य जास्त पडलं असं वाटलं. फोनवर बोललो नाही. मुकादमाने विचारलं तेव्हा तुझ्या नावाने खोटं लिहिलं. तो ऐकत प्लग काढत-घालत राहिला.

मग म्हणाला, “पह्यले वीसच होतं. उन्हाळ्यात उठे नाही. स्वस्त माल आहे, वायर लांब, तांड्यावरचा व्होल्टेज तसा. दहा-दहानं वाढवत गेलो. दीडशेवर उठला. म्हनलं दोनशे ठेवू, कोनाचं काय जाते.”

“मंग तसं लिहून काहून नाही ठेवलं त्या ओळीवर?”

हे विचारायला मला लाज वाटायला हवी होती. चोर तो चोर, वर शिरजोर.

“कोनासाठी लिहू?” जुनेद म्हणाला. “वाचनारा तूच होता.”

दुकानाच्या कोपऱ्यात सहा डबे पडलेले होते. मला वाटलं दुरुस्तीला आले असतील. ते लोकांनी आणून टाकलेले होते. बातमी दारव्ह्यापर्यंत गेली होती आणि शेडवाले आपापले डबे काढून आणत होते, कोणी बोलून, कोणी न बोलता. त्या सहांत तर अजून जुनंच कर्नल होतं, त्यांना काही होणार नव्हतं. पण हे कोण कोणाला समजावणार. पाच वर्षं तो मोटरसायकलवरून गावोगाव फिरला होता. त्याच्याकडे डिग्री नव्हती, दुकानावर बोर्ड नव्हता, होतं ते एवढंच की जुनेदने बसवलं म्हणजे पाहायला लागत नाही.

“मी सांगतो सगळ्याइले,” मी म्हणालो. “चूक माही आहे.”

“काय सांगशीन? कर्नल? हेल्पर फंक्शन?” त्याने प्रथमच माझ्याकडे पाहिलं. “मी बाईले सांगून आलो, मशीन माही, चूक माही. नाव माह्यंच आहे न त्या पॅचखाली. मी कुठं पाह्यलं होतं?”

मी घरी येऊन दुरुस्ती लिहिली. किती थांबायचं ते आता प्रत्येक ड्रायव्हर स्वतः सांगणार, फंक्शन ठरवणार नाही. काम अर्ध्या तासाचं. त्याखाली मी स्पष्ट लिहिलं की मागच्या वेळची चाचणी झालीच नव्हती, मला ते माहीत होतं, आणि त्यात साडेतीन हजार पक्षी मेले. ‘पाठवा’ दाबताना वाटलं, आता माझी लाज निघणार, पुन्हा कोणी माझं पॅच घेणार नाही. मुकादमाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, दोन ओळींचं. प्रामाणिकपणाबद्दल आभार, दुरुस्ती घेतली. जगभरातल्या कोणालाही त्यापुढे काही म्हणायचं नव्हतं. एवढ्या स्वस्तात सुटल्याचं मला जास्त वाईट वाटलं.

मग दहा-बारा दिवस मी काही केलं नाही. जुनेदला फोन केले, तो उचलायचा, हो-नाही म्हणायचा. एकदा त्याच्या बायकोने, नाहिदने, उचलला. म्हणाली, “इंद्रजितभाई, ते आता फक्त मोटरी भरतात. डब्याचं सामान पोत्यात भरून ठेवलं.” मी विचारलं, किती डबे परत आले? ती म्हणाली, “सारे.”

दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेलो.

शेड धुऊन, चुना मारून रिकामं पडलं होतं. पडदे वर गुंडाळलेले. सुखीबाई दाराशी लाकडी पेटीवर बसून पाण्याची भांडी घासत होती. साठीची असेल. मी नाव सांगितलं, जुनेदचा दोस्त म्हणालो. तिने हात न थांबवता दुसरी पेटी पायाने पुढे केली.

“मावशी, त्या डब्यात जे झालं, थे जुनेदमुळं नाही झालं. चूक माही आहे.”

“तुमी कवा आलते इथं? मी तं नाही पाह्यलं.”

“मी आलोच नाही कधी.”

तिने आता माझ्याकडे नीट पाहिलं. मी जमेल तसं सांगितलं. लाइट आली की त्या चिपला उठायला वेळ लागतो. जुनेदने तेवढा वेळ ठेवला होता. मी तो कमी केला, त्याला न विचारता.

“काहून?”

याचं उत्तर मी वर्षभरापूर्वी इंग्रजीत पानभर लिहिलं होतं. तिथे, चुन्याच्या वासात, त्यातलं एकही वाक्य तोंडात येईना.

“सगळ्याइचं एकसारखं असावं म्हनून,” मी म्हणालो.

तिने भांडं विसळलं. “मंग जुनेदनं पाह्यलं नाही?”

“त्याले वाटलं, मी केलं म्हंजे बरोबरच असन.”

“आन तुमी?”

“मले वाटलं, त्याचंच चुकलं असन.”

“म्हंजे दोघाइपैकी कोनंच नाही पाह्यलं.”

“नाही.”

मला वाटलं आता ती शिव्या देईल. मी त्यासाठीच आलो होतो, हे मला तेव्हा समजलं. ती शिव्या देईल, मी खाली मान घालीन, आणि मग गावभर सांगेल की पोराची चूक नव्हती, तो यवतमाळवाला होता. मी म्हणालोही, “जुनेदवर विश्वास ठेवा मावशी. लोकाइलेही सांगा. थे दुरुस्त झालं आता, डबा तुमी परत लावा.”

“पोरगा चांगलाच आहे. रडून राह्यला व्हता खड्ड्यावर,” ती म्हणाली. “पन डबा नको आता. या खेपेले मी सोताच बसन पंख्यापाशी.”

तिने भांडं उपडं ठेवलं, दुसरं घेतलं.

“मी तरी कुठं पाह्यलं?” ती म्हणाली. “त्या निंबाखाली बसून व्हती मी. पंखे बंद झाले थे मले आयकू आलं. मंग पक्षीही वरडले. म्हनलं, डब्याले समजते, जुनेदनं बसवला हाय, गरज असन तवा लावन थो. उठलीच नाही मी.”

ती निंबाकडे पाहत नव्हती, मीच पाहिलं. शेडपासून वीस पावलांवर होता.

“प्रेमसिंग म्हने, याडी, तुले आयकू नाही आलं का? मी खोटं सांगतलं. म्हनलं, झोप लागली व्हती.”

मी म्हणालो, प्रेमसिंग आला की त्याला मी सगळं समजावून सांगतो, डबा कसा बंद पडला ते, तुमची यात काहीच चूक नाही ते.

“सांगा,” सुखीबाई म्हणाली. “डब्याचं सांगा. पन थे वरडत व्हते तवा मी बसूनच व्हती, थे नका सांगू.”

मी नाही सांगणार म्हणालो, आणि पेटीवर बसून प्रेमसिंगची वाट पाहू लागलो.